हात लागला

६ जानेवारी

दादा म्हणाले, ‘तू जा. शिकायला म्हणून जा.’

यशराजची कूस बदलून झाली होती. दादा हात पुसत होते. आई उशी थोपटत होती. ती हल्ली दिवसभर उशी थोपटते. मी विचारलं, कशाला?

‘त्यो बिरदेव पोरांना काय शिकवतोय बघून ये. फोन हाय की तुझ्याकडं. काढ व्हिडिओ. पोलीस म्हंत्यात पुरावा आणा.’

यशराज छताकडे बघत होता. माझा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. खांदे हलतात, कोपरं थोडी. बोटं नाहीत. छातीखाली काहीच नाही. दिवाळीनंतर आमच्या बंद गुऱ्हाळाच्या भिंतीवरून उडी मारायला गेला, खाली गूळ उकळायच्या चुलवाणाच्या दगडावर मान आपटली. असं दादा सांगतात. तिथे ते दोघंच होते, बाप आणि लेक.

भिंती-कठड्यांवरून उड्या मारत जायच्या ह्या खेळाचं ‘पार्कोर’ हे नाव दादांना म्हणता येत नाही. ते पारकूर म्हणतात. बहुतेक वेळा ‘त्या माकडउड्या’.

यशराज जायचा तो क्लास इस्लामपुरातच आहे, मी शिकवते त्या कॉलेजपासून चालत. मी हो म्हणाले. रागात होते. त्या माणसाला बघायचंच होतं.

८ जानेवारी

जुन्या गोदामामागचं मैदान. सहा-सात माणसं. मला वाटलं होतं सगळी पोरंच असतील. बायका दोन — मी आणि राणी. तिचं शिवणाचं दुकान आहे, पदरी दोन मुलं, माझ्याहून थोराड.

बिरदेव तिशीचा असेल. वाळका. आटपाडीकडचा. पुण्यात शिकून आला. मी नाव संयोगिता सांगितलं, आडनाव सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. दुसरंच विचारलं — गुडघा दुखतो का, कंबर, पूर्वी हाड मोडलंय का, चक्कर येते का. ‘खोटं सांगू नका मॅडम. तुमी लपवलं तरी गुडघा सांगणार.’

मग एक वीट ठेवली. आडवी. त्यावर उभं राहायचं आणि खाली उडी मारायची.

वीट! मी हसले.

‘आवाज आला,’ तो म्हणाला. पुन्हा. आवाज आला. पुन्हा. टाचा आपटत होत्या. चवड्यावर या, गुडघा मऊ ठेवा, मग टाच टेकेल तेव्हा टेकेल. ‘शेजारीण झोपलीय असं समजा. उठली की भांडणार.’

राणी म्हणाली, ‘माझी शेजारीण झोपतच न्हाई. माझ्याच घराकडं कान लावून बसलीया.’

तासभर वीट. घाम आला. विटेवरून उतरताना माणूस एवढा आवाज करतो हे मला माहीत नव्हतं.

९ जानेवारी

पोटऱ्या लाकडासारख्या. जिना उतरताना कठडा धरला. वर्गात मुलं हसली.

११ जानेवारी

दादांनी व्हिडिओ बघितला. चष्मा वर, फोन लांब धरून. दोनदा बघितला.

‘ह्यात काय हाय?’

‘हेच शिकवतात.’

‘विटेवरनं उड्या? आपलं पोरगं काय विटेवरनं पडलं व्हय?’ फोन परत दिला. ‘तू असताना दाखवायचा न्हाई त्यो. जात ऱ्हा. कवातरी चुकंल.’

फौजेत सुभेदार होते. दबा धरून बसणं त्यांना येतं.

१४ जानेवारी

संक्रांत. यशराजला तिळगूळ भरवला. दाताला चिकटला. बोट घालून मीच काढला.

१९ जानेवारी

आज पडायला शिकवलं. आधी गादीवर, मग गवतावर. ओणवं व्हायचं, हात टेकायचे, एका खांद्यावरून तिरकं जायचं आणि विरुद्ध कमरेवर बाहेर यायचं. पाठीच्या कण्यावरून नाही. डोकं जमिनीला लागता कामा नये. लागलं तर थांबायचं, आज बंद, घरी.

मी सरळ गेले. एक एक मणका जमिनीवर मोजला गेला. मान वळली आणि मी तशीच पडून राहिले. आकाश, गोदामाचा पत्रा, दोन बगळे. वाटलं — हे असंच दिसलं असेल त्याला.

‘मॅडम, मान दुखतीय का?’ बिरदेव शेजारी बसला. हात लावला नाही. दुखत नव्हती. तरी त्याने मला परत करू दिलं नाही. बाजूला बसवलं. बाकीच्यांचं बघा, म्हणाला.

मला त्याचा राग यायला हवा होता. बसून राहिले.

२० जानेवारी

यशराज म्हणाला, ‘कण्यावरनं गेलीस.’

दादा शेतात होते, आई परड्यात. मी त्याची लघवीची पिशवी बदलत होते. विचारलं, तुला काय माहीत?

‘चालतीस बघ कशी. पाठीत काठी घातल्यावानी.’ मग म्हणाला, ‘हितं कर. चटई घे.’

मी चटई अंथरली. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम जागा. साडी वर खोचली. तो सांगत होता — हनुवटी छातीला. उजवा हात आत, तळवा आपल्याकडं. काखेतनं मागं बघ. पायानं ढकलू नको, वजन सोड. ‘सोड म्हंतोय तर! पोतं हायेस का?’

पहिल्यांदा कपाटावर आदळले. आतली भांडी वाजली. तिसऱ्यांदा झालं. उठून उभी राहिले तेव्हा काहीच लागलं नव्हतं. पाठीवरून कुणी हात फिरवून गेल्यासारखं.

तो हसला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. हसताना पोट हलत नाही त्याचं. फक्त तोंड आणि खांदे. मी दुसरीकडे बघितलं.

तीनच आठवडे गेला होता तो क्लासला. विटेच्या पुढे नुकताच सरकला होता, म्हणाला.

मग त्या भिंतीवर कशाला चढलास — हे मी विचारलं नाही.

२६ जानेवारी

दादा कोट आणि पदकं घालून शाळेच्या झेंड्याला गेले. परत आले ते तसेच आत. कूस बदलायची वेळ झाली होती. पदकं लावलेल्या कोटातच त्याला उचललं. एक पदक यशराजच्या बंडीत अडकलं. ते सोडवायला वेळ लागला.

२८ जानेवारी

भिंत. छातीएवढी. मला वाटलं आता उडी. पण दोन दिवस फक्त चढणं आणि उतरणं चाललंय.

आधी भिंत तपासायची. वर हात फिरवायचा — रेती आहे का, काच आहे का, वीट सुटली आहे का. पलीकडे खाली काय आहे ते स्वतः जाऊन बघायचं. दुसऱ्याने सांगितलेलं चालणार नाही.

‘चढलाय तिथनं उतरता आलं पायजे. उतरता येत न्हाई तिथं चढायचं न्हाई. वर गेल्यावर वाटलं आज न्हाई, तर गुमान वळायचं आन उतरायचं. लाज बाळगायची न्हाई. उडी काय, उद्या मारता येती.’

आणि एक नियम. भिंतीवर उभं असलेल्याशी कुणी बोलायचं नाही. ‘मार की’ नाही. ‘हुतंय की’ नाही. टाळ्या नाहीत. तो माणूस त्याचा तो ठरवेल.

‘मग आमी काय करायचं?’ राणी.

‘गप बसायचं.’

‘ते आमच्या घराण्यात कुणाला जमल्यालं न्हाई बघा सर.’

पण बसली गप. एक पोरगा वर उभा होता, बराच वेळ. कुणी काही बोललं नाही. वारा, रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीतलं गाणं. मग तो वळला, पोटावर झोपून पाय खाली सोडले आणि उतरला. बिरदेवने फक्त मान हलवली. उडी मारली असती तरी तेवढीच हलवली असती, असं वाटलं.

३० जानेवारी

बिरदेवच्या क्लासच्या पानावर यशराजची रील अजून आहे. कुंपणाचा कठडा, एक हात टेकून पलीकडे. खाली गाणं. कठडा कमरेएवढाच, पण कॅमेरा जमिनीवर ठेवलाय. डोंगरावरून उडी मारल्यासारखं दिसतं.

तोंडाने विटा शिकवतो, फोनवर डोंगर दाखवतो.

आज विचारलं त्याला — पानावरच्या रीलमधला मुलगा कोण? फोन पिशवीत चालू ठेवला होता. तो विटा उचलू लागला. मग म्हणाला, ‘हुता एक. आता येत न्हाई.’ मी विचारलं, का? ‘लागलं त्याला. घरी. क्लासात न्हाई.’ थोड्या वेळाने, ‘मी रील टाकायला नको हुती. पोरं फुगत्यात.’

एवढंच. आवाज स्पष्ट आलाय.

१ फेब्रुवारी

दादांना ऐकवलं नाही. मग ऐकवलं.

‘हां,’ दादा म्हणाले. ‘आता बोलला.’ त्यांनी ते रेकॉर्डिंग लालासाहेबकाकांना पाठवलं. चुलत चुलते, तालुक्यात ओळखी आहेत त्यांच्या. काका फोनवर म्हणाले, ‘पोरगीनं काम केलं, सुभेदार.’

रात्री जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी

पोलिसांनी दादांचा अर्ज परत केला. ‘तुमी बाप हाय, मान्य हाय. पर ज्याला लागलं त्यानं सांगितलं पायजे. पोरगा शुद्धीत हाय न्हवं? मग त्याची फिर्याद पायजे. तो बोलंल त्या दिवशी आमी घरी येतो.’

दादा आले ते सरळ यशराजच्या खोलीत. दार लोटून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘मार्च उजाडू दे म्हंतोय. जरा बरं वाटल्यावर.’

फिर्याद झाली तर बिरदेवचं काय होईल, मी काकांना विचारलं. ‘आत जाईल. न्हाई गेला तर क्लास तरी बंद. पाचगणीच्या कुठल्याशा शाळेत लागायचं चाललंय म्हणं त्याचं. कोण घेतंय मग?’

१० फेब्रुवारी

बारावीची परीक्षा सुरू. पर्यवेक्षण. तीन तास उभी. चवड्यांवर हळूच वर-खाली करत राहिले. पुढच्या बाकावरच्या मुलीने दोनदा बघितलं.

१३ फेब्रुवारी

आज क्लास संपल्यावर सगळे बसलो होतो. राणी भीतीबद्दल बोलत होती. तिला उंचीची नाही, उंचावर चढल्यावर लोक बघतात त्याची भीती वाटते. मला विचारलं, ‘तुमची भीती कवा गेली?’

मी विहिरीचं सांगितलं. आमच्या गावात असंच शिकवतात. पाठीला प्लॅस्टिकचा कॅन बांधायचा, काठावर उभं करायचं आणि मागून ढकलायचं. मी दुसरीत असेन. दादा सुट्टीवर आले होते. सगळं गाव काठावर. मी कठड्याला चिकटले होते, रडत होते. दादा हसत होते. मग पाठीवर तळवा — आणि खाली हिरवं पाणी. वर आले तेव्हा दादा टाळ्या वाजवत होते. दिवस मावळेपर्यंत मी पोहायला शिकले होते. यशराजलाही तसंच. सगळ्यांनाच तसंच. ‘ढकलल्याबिगर पवायला येत न्हाई’ — दादांचं वाक्य. मी ते अभिमानाने सांगितलं.

राणी हसली. तिचंही तसंच झालेलं.

बिरदेव बूट काढत होता. ‘विहिरीत पाणी असतंय मॅडम,’ म्हणाला.

२१ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं.

आज गोदामाची उंच भिंत होती. उंच म्हणजे माझ्या डोक्याएवढी. खाली वाळू. मी वर उभी राहिले. खालचं सगळं तपासलेलं. सगळं येत होतं. गेले नाही. कुणी काही बोललं नाही. वळले, उतरले. मैदानात लाज वाटली नाही, एसटीत वाटली.

घरी आल्यावर यशराजला सांगितलं. दादा पाण्याची पाळी धरायला गेले होते.

‘बरं केलंस,’ तो म्हणाला. ‘मी पण उतरत हुतो.’

मी विचारलं, कधी?

‘त्या दिवशी.’

तो छताकडे बघून सांगत राहिला. गुऱ्हाळाच्या मागे मातीचा ढीग आहे, तिकडून भिंत कमरेएवढीच. पुढच्या बाजूला खोल. तो ढिगावरून चढला. दादा ढिगावर उभे होते. दादांनीच विचारलं होतं, बघू तरी काय शिकलायस. त्याने खाली बघितलं. चुलवाणाचे दगड दिसले. जमणार नाही असं वाटलं. सरांनी सांगितल्यासारखा वळला, पाय ढिगाच्या बाजूला सोडायला वाकला.

‘तोंड दादांकडं हुतं माझं. दादा हसत हुते. विहिरीवर हसायचे तसे. म्हणले, आरं, फौजीचा पोरगा न्हवं तू?’

‘मग?’

‘मग दादांचा हात लागला.’

पंखा फिरत होता. माशी त्याच्या कपाळावर बसली, मी ती उडवली.

हात लागला. शिडीला लागतो, दुधाच्या भांड्याला लागतो. लागतो तेव्हा कुणाचा दोष नसतो. मुलं पेपरात अशी वाक्यं लिहितात तेव्हा मी लाल शाईने समोर लिहिते — कर्ता कोण?

विचारलं, ‘लागला का लावला?’

तो म्हणाला, ‘मराठीची मॅडम तू हायेस. तू ठरव.’

मग डोळे मिटून घेतले. जरा वेळाने मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, ‘कुणाला सांगू नको. दादा आत गेलं तर मला उचलणार कोण? आईच्यानं हुत न्हाई. तू एकटी उचलून बघ.’

मी काखेत हात घातले. उचलून बघितलं. नाही उचलता आलं.

२२ फेब्रुवारी

काही नाही.

२४ फेब्रुवारी

दादांचे हात बघते. पाण्यात कोपर बुडवून बघतात, गरम आहे का. त्याच्या कमरेवरच्या जखमेला पावडर लावतात, फुंकर घालून. एका हाताने मान, एका हाताने गुडघ्याखाली — आणि तो पालथा न होता नेमका कुशीवर येतो. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, असं आम्हालाही जमत नाही. रात्रीसुद्धा गजर लावून उठतात. एकदाही चुकलेले नाहीत.

आज विचारलं. ते टॉवेल पिळत होते.

‘त्या दिवशी तुम्ही कुठं उभे होता?’

‘कुठं म्हंजे? मागं. ढिगावर.’

‘मग त्याला थांबवलं नाही?’

पिळत राहिले. पाणी संपलं तरी. ‘भितंय म्हणून सोडायचं असतंय व्हय? तुला सोडलं हुतं?’ मग आवाज खाली आला. ‘खाली पानी असतं तर —’

टॉवेल दोरीवर टाकला, कोपरे जुळवून. मग म्हणाले, ‘त्या भाड्यानं पोराच्या डोस्क्यात घातलं न्हवं हे सगळं? त्याच्याकडं गेलाच नसता तर भिंतीवर चढला असता व्हय?’

त्यांना हे खरं वाटतं. किंवा वाटायला लागलंय.

२८ फेब्रुवारी

बिरदेवला सांगितलं मी कोण ते.

‘म्हाईत हाय,’ तो म्हणाला. ‘तुमी डावा पाय आधी टेकता. त्यो पण टेकायचा. दुसऱ्या दिवशीच वाटलं.’

‘मग शिकवलं कशाला?’

‘काय करू? जावा म्हणलं असतं तर तुमी गेला असता, आन वाटलं असतं ह्यो भितोय.’ जरा थांबून, ‘भितोयच की. झोप न्हाई मला.’

मी सगळं सांगितलं. ढीग, भिंत, वळणं, हात. रेकॉर्डिंगचंही सांगितलं. ते त्याने सोडून दिलं. एकच विचारलं.

‘उतरत हुता? खरंच?’

हो म्हणाले.

‘नक्की वळला हुता?’

हो.

त्याने तोंडावरून हात फिरवला. चेहरा मोकळा झाला त्याचा. जवळजवळ आनंद म्हणावा असा. मला भयंकर राग आला — माझा भाऊ पलंगावर आहे आणि ह्याला आपला धडा पोचल्याचं समाधान! मग वाटलं, एवढे महिने तोही त्या भिंतीखाली उभा असेल. आपण कुठे कमी पडलो ते शोधत.

‘मॅडम, त्यानं खरं सांगितलं तर मी सुटतोय. पाचगणीवाले थांबल्यात. मार्चअखेर म्हणल्यात.’

‘तो नाही सांगणार,’ मी म्हणाले. ‘मी सांगेन.’

मोठ्याने म्हणाले. राणी लांबून बघत होती.

५ मार्च

आईला सांगायला गेले. ती पडवीत तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, आई, त्या दिवशी गुऱ्हाळावर —

‘तिकडं कुणी जायाचं न्हाई,’ ती म्हणाली. सुपाकडेच बघत. ‘उद्या चाव्या द्या म्हणलंय तुझ्या दादांना. विकून टाकूया.’

मी म्हणाले, पोलीस येणारेत. त्या बिरदेवने काही केलेलं नाही.

खडा सापडला. तिने तो अंगणात टाकला. मग दुसरा. कोंबडी धावत आली, खडा बघून परत गेली.

‘एक पोरगा गेल्यातच जमा हाय माझा,’ ती म्हणाली. ‘हायेत ते हात तरी ऱ्हाऊद्यात.’

म्हणजे तिला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून असेल. मीच एकटी होते, जिला पुरावा आणायला धाडलं.

९ मार्च

लालासाहेबकाका यशराजकडून पाठ करून घेतात. खुर्ची ओढून, वर्गात बसवल्यासारखं.

‘सर काय म्हणले?’

‘त्या भिंतीवरनं उडी मार म्हणले.’

‘कवा?’

‘आदल्या दिवशी. क्लासात.’

‘शाबास. आन तुझा बाप कुठं हुता?’

यशराज माझ्याकडे बघत होता. ‘शेतात.’

मी खोलीतून बाहेर आले. दादा पडवीत बसले होते, पाठ खोलीकडे. त्यांनी आत येऊन हे थांबवलं नाही. हेही लिहून ठेवते.

११ मार्च

राणीने विचारलं, ‘कुठं हाय लक्ष? चहा घेणार का?’ तिच्या दुकानात बसले. शिलाई मशीनचा आवाज, भिंतीवर अर्ध्या शिवलेल्या पोलक्यांच्या ओळी. तिला अर्धं-मुर्धं कळलंय.

‘मी हुते तुमच्या जागी तर काय केलं असतं सांगू?’

‘सांग.’

ती बराच वेळ पाय मारत राहिली. दोरा तुटला. ओवला.

‘न्हाई सांगता येत,’ म्हणाली. ‘चहा घ्या. गार हुतोय.’

१४ मार्च

गेले. गोदामाच्या भिंतीवरून.

वर हात फिरवला. खाली जाऊन वाळू बघून आले. पुन्हा चढले. उभी राहिले. कुणी बोललं नाही. वळून उतरता आलं असतं — दोन्ही वाटा मोकळ्या होत्या आणि त्या मोकळ्या आहेत हे मला माहीत होतं. मग गुडघे वाकले आणि गेले. चवडे, टाचा, हात, खांदा, कंबर. उठले.

आवाज आला नाही!

बिरदेवने मान हलवली. तेवढीच.

घरी येऊन यशराजला सांगितलं. तो म्हणाला, ‘डावा आधी टेकला?’ हो. ‘ते काढ आता. गुडघा जाईल.’

मी त्याला म्हणाले, पोलीस आले की मी खरं सांगणार आहे. त्याने ऐकलं. ‘सांग,’ म्हणाला. ‘आन मग रात्री दोन वाजता तू ये.’

मग म्हणाला, ‘सरांना दुसरी नोकरी मिळंल ताई. मला दुसरं दादा मिळणार न्हाईत.’

१७ मार्च

पोलीस उद्या येणार. दादांनी खोली पुसून घेतली. यशराजची दाढी केली, हनुवटीखाली बोट धरून, कुठेही कापलं नाही. मला म्हणाले, ‘तू आपली कॉलेजला जा की.’

मी म्हणाले, नाही. थांबणार आहे.

१८ मार्च

हवालदारांनी फिर्याद लिहून घेतली. काकांनी घोटून घेतलेलं यशराज न अडखळता बोलला. वाचून दाखवल्यावर बरोबर आहे म्हणाला. हवालदारांनी मला विचारलं, ‘तुमाला काय सांगायचं हाय का?’ मी नाही म्हणाले.

त्याला सही करता येत नाही. हवालदारांनी शाईचं पॅड उघडलं. त्याचा अंगठा मी धरला. आधी शाईवर टेकवला, मग कागदावर.